जेवढ्यास तेवढं

चेहरा ही फार दाट वस्तीची जागा आहे. पाठीचं तसं नाही. पाठ म्हणजे गावाबाहेरचं माळरान; तिथे कोणी वीतभर खणलं तरी कुणाच्या दारात माती पडत नाही. चेहऱ्यावर मात्र पंजाएवढ्या जागेत दोन डोळे, एक तोंड, दोन नाकपुड्या आणि सबंध घराण्याची अब्रू एवढी मंडळी दाटीवाटीने राहतात. त्यात नाक म्हणजे कोपऱ्यावरचं घर. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी त्याच्यावर पडते आणि त्याची डागडुजी साऱ्या गावाला कळते. त्वचेवर कर्करोगाची लहानशी गाठ आली तर शल्यविशारद ती काढताना भोवतालची साधारण ४ मिलिमीटर निरोगी कातडीही बरोबर नेतात. न जाणो, एखादं मूळ आत राहिलेलं असायचं. पाठीला या ४ मिलिमीटरची दादही नसते. नाकाच्या पाकळीवरून तेवढीच कातडी गेली, तर ती डागडुजी राहत नाही, भिंतच जाते.

या हिशेबाशी माझी ओळख झाली ती आमच्या क्रॉयडनच्या शेजाऱ्यांमुळे. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ जन्मापासून इथलेच. इंग्लंडातलं ऊन वतनावर येणाऱ्या जमीनदारासारखं आहे. येईल तेव्हा येईल, आणि आलं की सगळ्यांनी हातातली कामं टाकून त्याच्या स्वागताला बाहेर यायचं. आमचे शेजारी तर शर्ट काढूनच स्वागताला जातात. उलट आमची आई. ती उन्हाळ्यात पुण्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर येते आणि जुलैतल्या इथल्या कोवळ्या उन्हातही डोक्यावरून पदर घेतल्याशिवाय कुंपणापर्यंत जात नाही. आयुष्यभर ती उन्हापासून पळाली, ते आयुष्यभर उन्हामागे धावले, आणि दोघांची गाठ पडली ती आमच्या लाकडी कुंपणापाशी. आई त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, पण त्यांना ती ‘आजोबा’च म्हणते. त्यांना तो आपल्या नावाचा मराठी उच्चार वाटतो आणि ते ओ देतात.

कुंपणाच्या अलीकडे मला डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या लावलेल्या. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला इथलं ऊन पुरत नाही, म्हणून बाराही महिने घ्या म्हणतात. पलीकडे त्यांच्या नाकावर उन्हाची थकबाकी एकदम वसुलीला आलेली. एकच आकाश, एकच पोस्टकोड, आणि सूर्याच्या वहीत एकाच्या नावावर तूट तर दुसऱ्याच्या नावावर शिल्लक. असा कारकून आपल्याकडे असता तर त्याची केव्हाच चौकशी लागली असती.

नाकपुडी जिथे गालाला भेटते, त्या घडीत त्यांना एक दाणा आला होता. चकचकीत, किंचित पारदर्शक, कडेला एक-दोन लालसर केशवाहिन्या. डॉक्टरांची पुस्तकंसुद्धा अशा दाण्याचं वर्णन मोत्यासारखा असंच करतात. नाकापेक्षा मोती जड झाल्याचं याहून नेमकं उदाहरण मी पाहिलेलं नाही. दाढी करताना तो सोलवटायचा, खपली धरायची, खपली पडायची, पुन्हा धरायची. आईने कुंपणावरून बोटानेच खूण करून विचारलं, आणि त्याच दुपारी वाटीतून हळद उगाळून आणली. आजोबांनी ती आनंदाने लावली. पिवळ्या नाकाने ते संध्याकाळी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला गेले, त्या वेळचं गल्लीचं मौन मला अजून ऐकू येतं. हळदीने दाण्याला काहीही झालं नाही. बायॉप्सीत निघालं बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या कर्करोगांतला सगळ्यात सर्रास आढळणारा आणि त्यातल्या त्यात घरबशा प्रकार.

घरबशा अशासाठी की हा सहसा गाव सोडत नाही. इतर कर्करोगांसारखा यकृताकडे, फुप्फुसाकडे प्रवासाला निघत नाही. जन्मला तिथेच राहतो आणि शेजाऱ्यांची जागा इंचाइंचाने बळकावतो. डब्लिनचे आर्थर जेकब यांनी १८२७ साली याचं वर्णन करून ठेवलं. पुढे इंग्रज डॉक्टरांनी त्याला कुरतडणाऱ्या प्राण्याचं नाव दिलं, ते अगदी सार्थ आहे. जुन्या वाड्यातला पोटभाडेकरू असाच असतो. दाराबाहेर एक पाट मांडलेला दिसतो. आत भिंत फोडून त्याने किती खोल्या जोडल्या आहेत, हे बाहेरून कळत नाही. प्रश्न नेमका हाच. पाट तर सगळ्यांनाच दिसतो. खोल्या कशा मोजायच्या?

त्या मोजायची युक्ती काढली विस्कॉन्सिनच्या फ्रेडरिक मोज यांनी. जन्म १९१०. वैद्यकीचे विद्यार्थी असताना ते प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या गाठींत निरनिराळी रसायनं टोचून बघत होते. झिंक क्लोराईड टोचलं तेव्हा एक गंमत झाली. गाठीतल्या पेशी मेल्या, पण मायक्रोस्कोपखाली त्यांची मांडणी जशीच्या तशी दिसत राहिली, जणू कुणी ‘हलू नका, फोटो काढतोय’ म्हटल्यावर सगळं कुटुंब जागच्या जागी थबकावं. मग मोज यांच्या मनात आलं, की असा जागेवरच थिजवलेला थर काढून त्याची अख्खी कड मायक्रोस्कोपखाली पाहिली तर? जिथे मूळ दिसेल तेवढ्याच जागेवर परत जायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. १९३६ पासून ते रुग्णांवर ही पद्धत वापरू लागले. लेप लावायचा, थिजलेला थर काढायचा, पाहायचा, लागलं तर पुन्हा लेप. एकेका थराला दिवस जाई आणि लेप चांगलाच झोंबे. १९५३ साली पापणीवरच्या एका शस्त्रक्रियेची फिल्म काढताना, चित्रीकरण लांबू नये म्हणून त्यांनी पुढचा थर लेपाशिवाय, भूल देऊन ताजाच कापला आणि गोठवून तपासला. काम तेवढंच चोख झालं. कॅमेऱ्याच्या घाईने माणसाचं भलं केल्याचा हा बहुधा दुर्मीळ प्रसंग. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या ट्रोमोविच आणि स्टेगमन यांनी बिनलेपाची ही रीत रूढ केली, आणि आठवडाभराचं काम एका दिवसात बसू लागलं.

तो एक दिवस कसा असतो हे मी पाहिलं, कारण आजोबांना सोबत हवी होती. ईस्ट क्रॉयडनहून लंडनची गाडी पंधरा-वीस मिनिटांत पोचते. त्या तेवढ्या वेळात त्यांनी मला नाक सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर माहिती दिली. रुग्णालयातली ती वेटिंग रूम म्हणजे एक निराळंच संमेलन होतं. कुणाच्या नाकावर पट्टी, कुणाच्या कानामागे, कुणाच्या भुवईवर. सगळे सत्तरीच्या आगेमागे, सगळ्यांच्या हातात चहा. पहिल्यांदा एकमेकांकडे कोणी बघेना. मग एका बाईंनी आजोबांना हळूच विचारलं, “तुमचा कितवा?” म्हणजे कितवा थर. “पहिलाच,” आजोबा नववधूसारखे लाजून म्हणाले. बाई तिसरा थर झालेल्या, त्यामुळे त्यांच्याकडे आपोआप वडीलकी आली होती. भूल कुठे टोचते, चहाबरोबरची कुठली बिस्किटं चांगली, शब्दकोडं कुठल्या वर्तमानपत्रातलं घ्यावं, सगळं त्यांनी समजावून सांगितलं. पोटुशा बायकांत चालतात तशाच त्या गप्पा होत्या, फक्त इथे सगळ्यांना काहीतरी व्हायच्याऐवजी काहीतरी न राहण्याची वाट होती.

प्रत्येक थरानंतर साधारण तासभर थांबायचं. हा तास कुठे जातो, ते डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं. थर तिरक्या पात्याने काढतात, त्यामुळे तो निघतो द्रोणाच्या आकाराचा. नेहमीच्या पद्धतीत असा तुकडा पावासारखा उभा चिरतात आणि मधल्या काही चकत्या बघतात. म्हणजे कडेचा जेमतेम १ टक्का भाग नजरेखालून जातो, बाकीचा भरवशावर. मोज यांच्या रीतीत द्रोणाच्या कडा दाबून त्याची पत्रावळ करतात आणि ती पालथी ठेवून खालच्या अंगाने काप घेतात. काठ आणि तळ एकाच पातळीत येतात, काही लपत नाही. मग ती पत्रावळ गोठवायची, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि काचेवर घ्यायचे. दिशा चुकू नये म्हणून तुकड्याच्या एका बाजूला निळी शाई, दुसऱ्या बाजूला लाल. तशाच रंगांचा एक नकाशा कागदावर. आजोबांच्या नाकाचा तो नकाशा मी पाहिला: पेन्सिलीने काढलेली नाकपुडी, तिच्यावर घड्याळासारखे आकडे आणि सात ते आठच्या मध्ये एक बारीक लाल रेघ. कापणारी बाई आणि मायक्रोस्कोपात पाहणारी बाई एकच. त्यामुळे ‘मी कापलं होतं बरोबर, त्यांनी पाहिलं चुकीचं’ ही आपल्याकडच्या दोन खात्यांमधली लाडकी सबब इथे चालत नाही.

तुकडा छोट्या बशीतून प्रयोगशाळेकडे निघाला तेव्हा आजोबा नर्सला म्हणाले, “पुठ्ठ्याच्या खोक्यात मीठ तर घातलं नाही ना?” ती बिचारी गोंधळली. विनोद अस्सल क्रॉयडनचा होता. आर्थर कॉनन डॉइल १८९१ ते १८९४ या काळात इथेच, साउथ नॉरवुडच्या टेनिसन रोडवर राहत, आणि १८९३ च्या जानेवारीत छापून आलेल्या त्यांच्या एका शेरलॉक होम्सकथेत क्रॉयडनच्या क्रॉस स्ट्रीटवरच्या एका प्रौढ कुमारिकेला टपालाने पुठ्ठ्याचं खोकं येतं. खोक्यात खडेमीठ आणि मिठात दोन माणसांचे दोन कान. होम्स कानांच्या ठेवणीवरून नातं ओळखतो. ज्या गावच्या साहित्यात पहिला मान कापलेल्या कानांचा, तिथल्या माणसाला नाकाच्या कपच्याचं काय अप्रूप! आजोबांच्या चेहऱ्यावर आपण स्थानिक परंपरा पुढे चालवत असल्याचं समाधान होतं.

लाल रेघेपुरता दुसरा थर निघाला आणि पुन्हा चहा आला. मूळ खोल गेलं असेल, तर खड्डा भरायला कपाळावरची कातडी खाली वळवावी लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं. आजोबा प्रथमच गप्प झाले. मग मी त्यांना कावसजीची गोष्ट सांगितली. हा मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकत असताना टिपूच्या हाती लागला. तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा वावरला. पुढे पुण्याजवळ कुंभाराच्या जातीतल्या एकाने त्याला नवं नाक करून दिलं. आधी नाकाच्या जागी मेणाचा पातळ पत्रा बसवून नाक घडवलं. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ ओढली, आणि रेघेच्या आतली तेवढीच कातडी सोडवून, भुवयांमधला देठ न तोडता, पीळ देऊन खाली आणली. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे समोर बसून पाहिलं. पुण्यात दरबारी चित्रं रंगवणाऱ्या जेम्स वेल्सने कावसजीचं चित्र काढलं. १७९४ च्या ऑक्टोबरात हा वृत्तान्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू हा शल्यविशारद वीस वर्षं योग्य नाकाची वाट पाहत राहिला आणि १८१४ साली चेल्सीत त्याने ते करून दाखवलं. कपाळाच्या कातडीने नाक दुरुस्त करतात ते आजही याच तत्त्वावर. कावसजीचं नाव राहिलं, डॉक्टरांची राहिली, चित्रकाराचं राहिलं. त्या कारागिराचं तेवढं त्या पत्रात छापायचं राहून गेलं.

“म्हणजे वेळ आलीच तर माझं नाक पुण्याचं होणार?” आजोबांनी विचारलं. मी म्हटलं, “होईल, पण मग ते दुपारी एक ते चार बंद राहील.” हा विनोद समजावून सांगण्यात उरलेला तास छान गेला.

मला मात्र त्या कुंभाराचा मेणपत्रा आणि डॉक्टरीणबाईंची पत्रावळ एकाच हातची वाटत राहिली. दोघेही गोलाकार वस्तू आधी सपाट करून समजून घेतात आणि मगच सुरी धरतात. दोघांनाही नेमकं किती पुरे ते आधी माहीत करून घ्यायचं असतं. कापणं हे धाडसाचं काम आहे अशी आपली समजूत असते. पण धाडस लागतं ते थांबायला. सुरी हातात आहे, माणूस भूल देऊन समोर निजलेला आहे, अजून थोडं घेतलं तर कोणी विचारणार नाही, उलट ‘सगळं साफ केलं’ म्हणून नावच होईल; अशा वेळी सुरी खाली ठेवून तासभर काचेकडे बघत बसायचं, हे सोपं नव्हे.

आमच्या क्रॉयडनला हे जमलं नाही. १९५६ साली खास कायदा करून घेऊन गावाने स्वतःवर जी शस्त्रक्रिया आरंभली, तिच्यात साठीच्या दशकात जुनं बकाल काय आणि जुनं धडधाकट काय, सगळंच एका फटक्यात गेलं. वेलस्ली रोडला भुयारी रस्ता मिळाला आणि दोन्ही बाजूंना काचेच्या कचेऱ्या उगवल्या. त्यांतलीच एक लूनर हाऊस, म्हणजे व्हिसाची सरकारी कचेरी. तिथल्या रांगेत आमच्यापैकी पुष्कळजण कागदांची पिशवी पोटाशी धरून उभे राहिलेले आहेत, आपण या देशाच्या अंगावर ठेवायचे की काढायचे या निकालाची वाट बघत. तिथे चहा मिळत नसे. पण नॉर्थ एंडच्या कोपऱ्यावर एक विटांचं ठेंगणं घर अजून आहे. आर्चबिशप जॉन व्हिटगिफ्ट यांनी १५९६ साली म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी बांधायला घेतलेलं. रस्तारुंदीच्या आड येतं म्हणून ते पाडायचा घाट कित्येक वर्षं घातला जात होता. १९२३ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने ते वाचवलं. आजही त्यात वृद्ध राहतात आणि ट्राम त्याच्या अंगणाला वळसा घालून गेल्यासारखी शेजारून जाते. सगळा चेहरा बदलून गेला, नाक तेवढं राहिलं, म्हणून तर गाव ओळखू येतं.

घरादाराच्या भांडणांतही मी हेच पाहिलं आहे. एका भाऊबीजेला कुणी काही बोललं म्हणून वीस वर्षांचं जाणं-येणं मुळासकट काढून टाकणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. दुखरी जागा असते तांदळाएवढी आणि कापलं जातं अख्खं माहेर. त्या वेळी कोणी तासभर बाहेर बसवून चहा दिला असता आणि नकाशावर लाल रेघ ओढून सांगितलं असतं, की ‘एवढंच वाईट होतं, बाकी सगळं निरोगी आहे’, तर किती दिवाळ्या वाचल्या असत्या.

दुसऱ्या थराची कड स्वच्छ निघाली. पहिल्यांदाच झालेल्या अशा गाठी या पद्धतीने काढल्या तर १०० पैकी सुमारे ९९ परत येत नाहीत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आजोबांनी लगेच त्या शंभराव्या माणसाची विचारपूस केली. हा त्यांचा स्वभाव. कपाळाला हात लावावा लागला नाही. टाके गालाच्या घडीत दडवून घातले, आणि तिसऱ्या थराच्या बाईंनी, ज्या आता चौथ्याच्या झाल्या होत्या, त्यांचं मोठ्या मनाने अभिनंदन केलं.

टाके निघाल्यावर आजोबा रुंद काठाची हॅट घालून कुंपणाशी आले. आईने चष्मा लावला, त्यांना उजेडाकडे वळायला लावलं, हॅट मागे सारली आणि नाक डावीकडून, उजवीकडून, खालून तपासलं. तिला काही सापडेना. “अरे, कुठे कापलंय?” मी घडीतली केसासारखी रेघ दाखवली. तिचं समाधान झालं नाही. “एवढ्यासाठी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं त्यांना? आपल्याकडे पंधरा मिनिटांत मोकळं केलं असतं!” मी आजोबांना याचा इंग्रजी तर्जुमा करून सांगितला. ते मान डोलावून म्हणाले, तिचं बरोबर आहे, वेळ कापण्यात गेलाच नाही, न कापण्यात गेला. मी हे आईला मराठीत सांगितलं. तिने क्षणभर विचार केला, मग तिला सगळा उलगडा झाला. न कापता बरं झालं याचा अर्थ तिच्या लेखी एकच होता. ती आत गेली आणि हळदीची वाटी पुन्हा भरून घेऊन आली.